वेळापत्रकात नसलेली तोंडी परीक्षा

प्रा. शैलजा महाजन यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे या गौरवग्रंथात सांगायला हरकत नसावी. धुळ्याच्या आमच्या महाविद्यालयात परीक्षा विभागाचं काम मी तेव्हा नुकतंच हाती घेतलं होतं. नियम म्हणजे नियम, असा माझा खाक्या होता आणि तो अजूनही सुटलेला नाही. साक्रीकडची एसटी वाटेत बंद पडली म्हणून एक विद्यार्थी पेपरला उशिरा आला आणि मी त्याला दारातच अडवलं. भूगोलाचा तास सोडून मॅडम खडूने माखलेल्या हातांनीच आल्या आणि मला म्हणाल्या, "सर, गाडी त्याने बंद पाडली का?" मुलगा पेपरला बसला. मी मात्र महिनाभर त्यांच्याशी मोजकंच बोललो. मग एके दिवशी फैजपूरहून माहेरची केळी घेऊन त्या घरी आल्या, माझ्या आईशी गप्पा मारत बसल्या आणि माझा रुसवा परस्पर निकालात निघाला.

मॅडम आता साठीच्या झाल्या आहेत. त्यांच्या अध्यापनाबद्दल त्यांचे विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला सांगायचं आहे ते महामारीतल्या त्या लांबलेल्या टाळेबंदीबद्दल. वसतिगृहं रिकामी झाली होती, मुलं आपापल्या गावी गेली होती आणि महाविद्यालय कधी उघडेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

एक दिवस विभागाच्या फोनवर साक्रीच्या पुढच्या डोंगरातल्या एका गावातून हिलालभाऊ नावाचे पालक बोलले. त्यांची मुलगी मंगला आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला होती.

"साहेब, मन्ही पोरनी पुढली तोंडी परीक्षा कव्हय शे?"

मी उडालोच. तोंडी परीक्षा? माझ्या विभागात, मला न विचारता? चौकशी केली तेव्हा कळलं, की मॅडम गेले कित्येक आठवडे भूगोलाची तोंडी परीक्षा घेत होत्या. ती वेळापत्रकात नव्हती, तिला गुण नव्हते आणि तिच्यात भूगोल तर औषधालाही नव्हता.

मी तावातावाने फोन केला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग कारण सांगितलं. सुरुवातीला त्या मुलामुलींना नुसताच फोन करत. सगळ्यांचं एकच उत्तर, "बरं आहे, मॅडम." घरात फोन एक, तोही वडिलांचा नाहीतर भावाचा. खोली एक आणि तिच्यात सारं घर बसलेलं. अशा वेळी कोणती मुलगी सांगेल, की मला रडू येतं, शिक्षण सुटेल म्हणून भीती वाटते, घरात लग्नाचं बोलणं सुरू झालंय? म्हणून मॅडमनी पालकांना सांगायला सुरुवात केली, "तोंडी परीक्षा आहे. विद्यार्थी एकटाच पाहिजे, जवळ कोणी नको." आपल्याकडे परीक्षेला जेवढा मान आहे, तेवढा रडण्याला नाही. पोरगी फोन घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर, नाहीतर खळ्यावर, शेताच्या बांधावर जाई आणि तिथे मॅडम म्हणत, "हं माय, आता सांग."

मुलं आधी म्हणत, आम्हाला काय धाड भरलीय. मग तीच मुलं विचारू लागली, "मॅडम, आमची तोंडी केव्हा?"

नियमाबाहेरची परीक्षा मी आयुष्यात एकदाच चालू दिली, ती ही.

मंगला मात्र दिवसेंदिवस कमी बोलू लागली. एका सकाळी ती म्हणाली, "मॅडम, उठावंसंच वाटत नई. मी नसले तर कोनाचं काय अडणार शे?" मॅडम घाबरल्या नाहीत असं मी लिहिणार नाही. मला फोन केला तो घाबरूनच. पण त्याआधी त्यांनी हिलालभाऊंना सांगितलं होतं, "भाऊ, तिला क्षणभरही एकटी सोडू नका, आम्ही येतोय." आणि मला म्हणाल्या, "हे माझ्या हातातलं राहिलं नाही, सर. मी भूगोलाची बाई आहे. तिला डॉक्टर पाहिजे." आपल्याला काय येत नाही, हे इतक्या लवकर कबूल करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

परवानगी काढून आम्ही माझ्या गाडीने निघालो. मॅडम वाटभर एकच बोलत होत्या. मुलीला दवाखान्यात न्यायचं तर खरं सांगावं लागणार, आणि खोट्या परीक्षेचं कळल्यावर बाप बिथरला तर? त्याने दार लावून घेतलं तर मंगलापर्यंत पोहोचायला दुसरी वाटच नव्हती.

अंगणात बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं, "भाऊ, परीक्षा नव्हती. मी तुमच्याशी खोटं बोलले."

हिलालभाऊ म्हणाले, "माले ठाऊक शे, ताई. परीक्षामा कोनी पोरले 'जेवनी का' इचारस का? ती धाबावर बोले, मी खाले शिडीजोडे बसू. कोनले वर जाऊ दिधं नई. तुमना फोन व्हयना का ती भाकर खाये. म्हनीसन तर मी साहेबले पुढली परीक्षा इचारी."

मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. माझंही काही वेगळं झालं नाही.

त्याच दिवशी मंगला वडिलांसोबत आमच्या गाडीत बसली. धुळ्याच्या डॉक्टरांनी औषधं दिली, पुन्हा पुन्हा बोलावलं. बरं व्हायला वेळ लागला, मधे एकदा पुन्हा बिनसलंही. पण ती परत आली, पदवीधर झाली आणि आज आश्रमशाळेत शिकवते.

लोक मॅडमच्या धीराचं कौतुक करतात. त्या फोनांनंतर त्यांना कितीतरी वेळ कोणाशीच बोलता येत नसे, हे थोड्यांनाच माहीत आहे. त्या एकट्या राहतात आणि विचारलं तर तेच सांगतात, "बरं आहे." आम्ही सहकारी ते इतकी वर्षं खरं मानत आलो.

मॅडम, आपल्याला भरपूर आयुष्य लाभो, निरोगी शरीर आणि शांत झोप लाभो. एक विनंती आहे. हा ग्रंथ हाती पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करणार आहे. तेव्हा शुभेच्छा द्यायला कोणी आलेलं असेल तर कृपया धाब्यावर जा.