थारोळ्यापाशी महादेव

नवसाबाईंच्या मळ्यात, विहिरीकाठी मोटेचे पाणी जिथे ओतले जाई त्या जुन्या थारोळ्यापाशी, हिमालयातले एक फूल उमलले होते. आज ते आठवू लागलो की आपण ते खरोखर पाहिले की पहाटेच्या स्वप्नात, असा गोड संभ्रम पडतो.

नवसाबाई नाशिकजवळच्या मखमलाबादच्या. मळ्यात शेवंती, झेंडू, निशिगंध. आणि पंचवटीत आमच्यासारख्यांच्या घरी पूजेची फुले देण्याचा नेम. पती खंडेराव यांना हिंडण्याची विलक्षण हौस. एकोणीसशे सत्त्याण्णवच्या भाद्रपदात ते बद्रीकेदारला गेले आणि येताना पानसुपारीच्या चंचीतून काही वाळल्या चोची घेऊन आले. पक्ष्याच्या नव्हेत, फुलाच्या: चोचीसारखी टोकदार, आत बी असलेली फळे. "डोंगराच्या उतारावर निळं रान फुललंय नुसतं," ते म्हणाले, "तुझ्या मळ्यात एक तरी पायजे." त्याच हिवाळ्यात छातीच्या कळेने ते गेले. चंची खुंटीवर राहिली.

पुढच्या कार्तिकात बाईंनी चोचींतले सगळे बी थारोळ्याच्या सावलीत, ओलाव्याशी पेरले. एकच रुजले. तळहाताची बोटे फाकावीत तशी कातरलेली पाने, आणि पौषाच्या थंडीत पाच पाकळ्यांचे जांभळट निळे फूल. मध्यभागी चंद्रकोरीसारखी शुभ्रता, तिच्यातून निघालेल्या नाजूक शिरा.

नव्या झाडाचे आणि दर बहराचे पहिले फूल देव्हाऱ्यातल्या महादेवाला, हा त्या घराचा आचार. बाईंनी ते वाहिले. मग दुसरे, तिसरेही खुडले. फूल खुडले की झाड पुन्हा फुलते, हे माळ्याच्या हाताला कोणी शिकवावे लागत नाही. झाड फुलत राहिले, पण बी काही धरले नाही. वैशाखाने त्याला जाळले. आषाढात मुळातून अंकुर फुटला खरा, पण अगदी क्षीण. आणि पौषात त्यावर एकच कळी आली.

त्या सुमारास चंची झटकताना बाईंच्या हाती एक रिकामी चोच लागली. त्यांनी ती उमलत्या फुलाशी धरून पाहिली. फुलाच्या गर्भातला इवला दांडा आणि ही चोच, रूप एकच! फूल झाडावर राहिले, तरच ती वाढणार. माझ्या दारी फुले ठेवताना त्या म्हणाल्या, "तात्या, खुडलं तर यांचं झाड संपलं. नाय खुडलं तर देवाचं फूल चुकलं. काय करू?"

पाश्चात्त्य वनस्पतिज्ञांनीही या कुळाला क्रौंच पक्ष्याचेच नाव दिले आहे, हे मला ठाऊक होते. तेवढेच मी बाईंना सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेलो. बाई देव्हाऱ्यातला बाण, नर्मदेतला तो गुळगुळीत काळा पाषाण, ताम्हनात घेऊन विहिरीकडे निघाल्या होत्या. सून छाया दारातून हसली, "आत्याबाई, देवाला मळा दाखवाया नेता का काय?"

"फुलाला पाय नायत, पोरी."

"देवाला तरी कुठं हायेत?"

"मंग आपल्याला कशाला दिलेत त्यानं?"

ताम्हन फुलाखाली ठेवून बाई हात जोडून बसल्या. धुके विरत होते. पुढेही रोज सकाळी हेच चालले. तिसऱ्या दिवशी, आम्ही पाहत असतानाच, एक निळी पाकळी सुटली आणि अलगद बाणावर उतरली. मग उरलेल्याही उतरल्या. गळलेले फूल देवाला चालत नाही, असे शास्त्र सांगते. पण जे थेट देवाच्या मस्तकावरच गळते, त्याला गळलेले कसे म्हणावे? छायाही न सांगता पदर सावरून खाली बसली.

देठावर चोच राहिली, लांबली, पिकून तपकिरी झाली. या फळाची रचना मोठी नवलाची: तळाशी पाच बिया, प्रत्येकीला एक पट्टी; ती वाळता वाळता ताणली जाते आणि एका क्षणी वर वळून बीज गोफणीसारखे भिरकावते. बाईंनी भोवती खंडेरावांचे उपरणे पसरले. माघातल्या एका दुपारी टक्, टक् असा हलका आवाज झाला. चार बिया उपरण्यावर सापडल्या. पाचवी त्यापलीकडे, शेवंतीच्या वाफ्यात कुठेशी गेली.

छाया ती शोधायला वाकली. बाईंनी तिचा हात धरला. चार बिया चंचीत ठेवून त्यांनी दोरी आवळली आणि वाफ्याकडे पाहत म्हणाल्या, "राहू दे ती. ती त्यांची. त्यांना हिंडायची लय हौस."