खरवडबाई

त्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं तेव्हा आधी वास आला, मग झुरळाची पिल्लं बाहेर पडली. पंख्याच्या पात्यांवर बोटभर मळ, त्यात केस, आणि तळाशी सांडलेल्या चहाचा चिकट थर. चाळीस वर्षं मी गिलाव्याची कामं केली. गटारालगतच्या भिंती खरवडल्या. पण ज्या वस्तूवर आपलं पोट चालतं ती इतकी ओंगळ ठेवणारा माणूस पाहिला नव्हता.

"काका, स्टूल मागे घ्या," पुतणी म्हणाली आणि तिने नाकाला फडकं बांधलं.

माझ्या या पुतणीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आमच्याच घराच्या तळमजल्यावर आहे. गिऱ्हाइकं पाठीमागे तिला खरवडबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. कॉम्प्युटर रखडायला लागला की बाकीचे दुकानदार जुन्या सिस्टीमवरच नवी चढवून देतात. जुनी घाण खाली तशीच. ही तसं करत नाही. ठेवायचं ते बाहेर काढते, डिस्क फॉरमॅट करते आणि कोऱ्या डिस्कवर सिस्टीम घालते. झटपट फॉरमॅटही तिला चालत नाही. त्यात नुसती नावांची यादी फाटते, माल आत तसाच राहतो. ती शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पुसते, मग चार तास लागोत. पहिल्या नोकरीत मालक म्हणाला, "वरवर कर, आत कोण बघतंय?" तिने त्याच दिवशी ती नोकरी सोडली. मला ते पटलं. पोपडे आलेल्या भिंतीवर नवा गिलावा मारणाऱ्याला मी थापी फेकून मारलेली आहे.

पुसण्याआधीचे तिचे नियम दोन. काय ठेवायचं ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. आणि त्याने काहीही लिहिलं तरी अख्ख्या डिस्कची नक्कल आपल्या जादा डिस्कवर आठ दिवस ठेवायची.

हा कॉम्प्युटर नकाशेवाल्याचा होता. गावाच्या पाण्याचे पाइप जमिनीखाली कुठून जातात त्याचे नकाशे तो काढतो.

"काय काय ठेवायचं?" पुतणीने विचारलं.

"काही नाही. डिस्क धुऊन काढा."

"लिहून द्या."

"ताई, शाळा आहे का ही?" म्हणत त्याने कागदावर 'काही नको' असं खरडलं. मग पेनाच्या टोपणाने कान कोरला, टोपणाकडे पाहिलं आणि पेन तिला परत दिलं. तिने ते कचऱ्यात टाकलं.

तो गेल्यावर तिने कॉम्प्युटर चालू केला. जाहिरातींवर जाहिराती उघडायला लागल्या. फुकटचे खेळ, व्हायरस, आणि स्क्रीनभर एकावर एक चढलेली फायलींची बारकी चित्रं. मागचा रंग दिसेना.

"याची नक्कल मी माझ्या डिस्कवर घेणार नाही, काका. किळस येते."

"त्याने लिहून दिलंय ना? मग पूस," मी म्हणालो.

तिने ब्रशने आतला मळ काढला, सिस्टीमचा पेनड्राइव्ह लावला आणि फॉरमॅट सुरू केला. सोळा टक्के झाले असतील, तेवढ्यात नकाशेवाला धापा टाकत आला.

"ताई, बाजारातला पाइप फुटलाय. तिथला नकाशा तेवढा छापून द्या."

"कुठला नकाशा?"

"समोरच होता की, स्क्रीनवर."

"तुम्ही लिहिलंत काही नको!"

"डिस्कमधलं नको म्हणालो. नकाशे डिस्कमध्ये कुठे होते? ते तर बाहेर स्क्रीनवर होते."

पुतणीने झडप घालून वायर उपटली.

दोनशे साठ नकाशे. सहा वर्षं पायी फिरून, रस्ते खणून घेतलेली मापं. दुसरी प्रत नव्हती.

"का नाही ठेवली?" मी ओरडलो.

"रोज समोर दिसत होते ना," तो म्हणाला आणि रडायला लागला. नाक बाहीला पुसलं.

मी आणखी बोलणार होतो, पण पुतणीने हात आडवा केला. "काका, शेण आपणही खाल्लं. मला किळस आली म्हणून नक्कल घेतली नाही. आणि तुम्ही म्हणालात पूस."

बाजारात त्या दिवशी अंदाजाने तीन ठिकाणी खणलं, तेव्हा पाइप सापडला.

पुसायचं राहिलं होतं तिथलं परत मिळवता येत होतं, पण नावाशिवाय, नुसत्या आकड्यांनी. अकरा हजार फायली निघाल्या. त्यात जाहिराती, खेळांतली भुतं, कुणाकुणाची लग्नं. नकाशा कुठला ते उघडून पाहिल्याशिवाय कळेना. दुकान बंद ठेवून पुतणी आणि नकाशेवाला आठ दिवस बसले. दोन मिनिटं नीट लिहायचा कंटाळा, त्याचे हे आठ दिवस. कीबोर्डला हात लावण्याआधी ती म्हणायची, "हात." तो निमूटपणे उठून धुऊन यायचा.

"माझी बायकोसुद्धा इतकं छळत नाही," तो एकदा पुटपुटला.

"तिने हात टेकले असतील," पुतणी म्हणाली.

दोनशे दहा नकाशे निघाले. पन्नास गेले ते गेलेच.

ते पन्नास आता नव्याने मोजणं चाललंय. रविवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून पुतणी त्याच्याबरोबर जाते. तिला कुणी सांगितलेलं नाही. मापाच्या फितीचं एक टोक तो धरतो, दुसरं ती. मी आकडे वहीत उतरवतो, आणि संध्याकाळी ती त्यांच्या दोन प्रती काढते. मध्ये थांबलो की तो खिशातून बिस्किटांचा पुडा काढून पुढे करतो. आम्ही दोघं नको म्हणतो. त्याची नखं अजून तशीच मळकी आहेत.