श्रावणी सोमवारची सुकट

मंडळी, आज फार दमलोय, पण हे सांगून टाकतो.

आमची सून लिंथोई मणिपूरची. तिला तिसरा महिना आहे आणि पोटात काही टिकत नाही. सकाळी म्हणाली, "बाबा, आमच्याकडचा आंबवलेला मासा मिळाला तर जेवेन." जन्मभर संस्कृत शिकवलेल्या शाकाहारी सासऱ्याला हे सांगायला धीर लागतो.

उपाशीपोटीच खोपोलीला गेलो. फार्महाऊसवाल्यांमुळे फातिमाभाभींच्या छोट्या दुकानात हल्ली सोया सॉस, नूडल्स, नारळाचं दूध असं सगळं पूर्वेकडचं सामान असतं. तो मासा मात्र नव्हता.

"सुकट हाय. बटाट्यात मिरचीसंगं कुस्करून द्या," भाभी म्हणाल्या आणि थबकल्या. "पन सर, आज श्रावणी सोमवार ना? तुमचा उपास?"

"आहे ना. सुकट सुनेला."

"मग तो पिशवीतला बेल काढून आधी खिशात ठेवा!"

परतताना भरलेल्या टमटममध्ये वास सुटला. "कोन रं ह्यो, श्रावणात?" समोरच्या आजीबाई कडाडल्या. मीही सगळ्यांसारखा नाकाला रुमाल लावला आणि शेजाऱ्याकडे संशयाने पाहिलं.

दुपारी लिंथोईने स्वतःच ते कालवलं, जेवली, आणि कितीतरी दिवसांनी पुन्हा भात मागितला. समोर मी साबुदाण्याची खिचडी चिवडत होतो.

"बाबा, उद्या पण आणाल?"

श्रावण अजून बराच उरलाय आणि माझे पाय आजच बोलायला लागलेत. उद्या टमटममध्ये माझ्या शेजारी बसून संशय ओढवून घ्यायला कुणी तयार आहे का?