प्लाझ्मा गुलाबी निघाला तेव्हा

कल्याणच्या ज्या लॅबमध्ये मी एकोणतीस वर्षं रक्त काढते आहे, तिथे माझ्या सेंट्रीफ्यूजला दुसरं कोणी हात लावत नाही. नळ्या समोरासमोर तोलून ठेवायच्या, गरागरा फिरवायच्या, लाल पेशी तळाशी बसल्या की वरचा पिवळा प्लाझ्मा अलगद ओढून घ्यायचा. या कामाचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

म्हणून कोलशेतच्या एका कंपनीतली मुलगी जेवणाच्या डब्याएवढं यंत्र घेऊन आली, तेव्हा माझं डोकं तापलं. यात काही फिरवायचंच नाही म्हणे. काचेच्या पट्टीतल्या बारीक वाटेने रक्त सोडायचं. ध्वनिलहरी पेशींना मधोमध रांगेत आणतात आणि कडेने प्लाझ्मा वेगळा निघतो.

“आवाज तर येत नाही,” मी म्हटलं.

“आपल्या कानांना नाही येणार, मॅडम.”

आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी स्वतःची बाही वर केली. दोन नळ्या काढायच्या, एक माझ्या यंत्राला, एक तिच्या. पहिली मी शांतपणे भरली. दुसरीच्या वेळी ती सहज बोलून गेली, “हे चाललं ना, की सेंट्रीफ्यूज भंगारातच जाणार.” माझ्या हातात सिरिंज होती. दट्ट्या मी खसकन ओढला आणि रक्त तसंच जोरात नळीत दाबलं.

माझा प्लाझ्मा पातळ तुपासारखा पिवळा निघाला. तिचा कोकम सरबतासारखा गुलाबी.

“हे यंत्र पेशी फोडतंय,” डॉक्टर म्हणाले. “परत घेऊन जा.”

“सर, सकाळी व्यवस्थित चाललेलं. इथे जमलं नाही तर प्रोजेक्ट बंद करणारेत.” ती वायर गुंडाळायला लागली.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण चोराच्या मनात चांदणं. इतक्या जोरात ओढलं की पेशी फुटतात, हे मीच नव्या पोरींना शिकवते.

“डॉक्टर, यंत्राने नाही, मी फोडल्या. रागात ओढलं.”

त्या दुसऱ्या नळीत उरलेलं रक्त मी माझ्या सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून दाखवलं. तेही गुलाबीच.

तिसऱ्या नळीसाठी मी माझा हात पुढे केला. डॉक्टरांनी बऱ्याच वर्षांनी सुई धरलेली, दोनदा टोचलं. तेवढी शिक्षा रास्तच होती. यंत्रातून प्लाझ्मा थेंबथेंब आला, लख्ख पिवळा. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि बरं जास्त वाटलं.

ती मुलगी फॉर्म भरत होती. ‘पहिली चाचणी फसण्याचं कारण’ या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं.

“लिही, टेक्निशियनचा राग.”

“काहीतरीच काय, मॅडम. मी ‘सॅम्पल खराब’ लिहिते.”

मी तिच्या हातातून पेन घेतलं, ते दोन शब्द स्वतः लिहिले आणि खाली सही केली.