झाशीचा चैत्र आणि व्हरांड्यातले गार्डसाहेब

चैत्रात झाशीला जाऊ नये, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण माझ्या धाकट्या बहिणीचा, सुधाचा फोन आला. "ताई, यंदा नगऱ्यातल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू आमच्याकडे आहे. आंब्याची डाळ तुझ्याच हातची हवी." डाळीची स्तुती झाली की मी तिकीट काढते, हा माझा स्वभावदोष नातेवाइकांना तोंडपाठ आहे.

पुण्याहून संध्याकाळी निघालं की दुसऱ्या दिवशी दुपारी झाशी. वातानुकूलित डब्यात पैसे घालवा, भोपाळनंतर त्यांचं सार्थक होतं. जेवण मात्र घरचंच बांधून घ्या. स्टेशनवर सुधाचे यजमान दिनकरराव आले होते. ते मालगाडीवर गार्ड. हुद्द्याचं नाव आता बदललंय, पण नगऱ्यात ते गार्डसाहेबच. त्यांचा जन्म झाशीचा, म्हणून मी त्यांची 'जिज्जी', म्हणजे थोरली बहीण.

"आओ जिज्जी! पुण्याची थोडी हवा आणली का? इथली तर सब खतम."

नगरा ही त्यांची वस्ती स्टेशनला लागूनच आहे, ई-रिक्षा सहज मिळते. माझ्या सन्मानार्थ वर्षातला पहिला कूलर त्याच दिवशी सुरू झाला. नव्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या वासात, खिडकीजवळच्या पलंगावर मी गाढ झोपले.

सकाळी मानेवर आणि दंडांवर लाल गांधी. खाज अशी की जप सोडून खाजवावं. पण पाहुण्याने यजमानाच्या गादीबद्दल बोलायचं नसतं. मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे सुधा त्या उकाड्यात पुऱ्या तळत होती. तिच्याही बाह्या मनगटापर्यंत.

"उष्णतेचं पुरळ उठलंय," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटतंय," मी म्हणाले.

दोघींनी एकदमच कोपर खाजवलं. मग तिने दार लोटून घेतलं आणि घरात खून झाल्यासारखं कुजबुजली, "ढेकूण आहेत गं. पंधरवडा झाला. गाद्या उलटल्या, पलंग उन्हात टाकला, एक सापडत नाही. हळदीकुंकवाला बसलेल्या बाईला चावला ना, तर ह्या गावात मला तोंड दाखवायला जागा नाही."

ढेकणाला संस्कृतात मत्कुण म्हणतात, एवढी माहिती मला होती. तेवढ्या भांडवलावर मी निवाडा दिला. दिनकरराव गाडी नेतात, परगावी रेल्वेच्या विश्रांतिगृहात, रनिंग रूममध्ये झोपतात, अंथरूण सोबत असतं. शिवाय घरात चावत नाहीत ते फक्त त्यांनाच. अर्थात ढेकूण त्यांचेच, ओळखीचे! बॅग, चादर, सतरंजी व्हरांड्यात. गार्डसाहेबांनी बाहेरच्या नळावर आंघोळ करायची, झोपायचंही बाहेरच.

"ठीक है जिज्जी," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा."

संध्याकाळी शेजारीणबाईंनी कुंपणावरून विचारलं, "क्या भाभीजी, गार्ड साहब को घर से निकाल दिया क्या?"

"नहीं नहीं," सुधा हसली, "इन्हें गर्मी बहुत लगती है."

दिनकररावही हसले, पण मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकाठच्या महालक्ष्मीला घेऊन गेले. ऊन उतरल्यावरच जा. दगड तापलेला असतो आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. देऊळ सुंदर आहे. माझ्या लक्षात मात्र वेगळंच राहिलं. मागे जागा असूनही दिनकरराव ई-रिक्षात चालकाशेजारी अंग चोरून बसले होते. आम्हाला त्यांचा स्पर्श नको म्हणून.

मग ते दोन दिवस ड्यूटीवर गेले आणि आम्हाला दुप्पट चावलं. कारण गेलं तरी कार्य राहिलं, तर ते मुळात कारणच नव्हे, हे मी दरवर्षी तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवते. मुलींना समजतं. मला समजायला दंड सोलून निघावे लागले.

तेव्हा कुठे पहिला शहाणा प्रश्न सुचला: जास्त कुठे चावतं? कूलरच्या खिडकीपाशी. चौकटीवर रुंद चिकटपट्टी उलटी लावून ठेवली. दुपारी तिच्यावर खसखशीहून बारीक ठिपके होते. चष्मा लावून पाहिलं, तर एक ठिपका पाय हलवत होता. ढेकूण कसा, मसुराच्या दाण्याएवढा दिसतो. हे वेगळंच प्रकरण होतं. खिडकीतून वाकून कूलरच्या मागे पाहिलं, तर काड्यांचं, विष्ठेने लिंपलेलं घरटं.

"कबुतराची पिल्लं होती त्यात," सुधा म्हणाली. "म्हणून मी हात नाही लावला."

"आणि उडाली कधी?"

"पंधरवडा..." ती मध्येच थांबली.

पिल्लांच्या रक्तावर जगणाऱ्या बारीक किड्यांनी यजमान गेल्यावर नवे यजमान शोधले होते, खिडकीतून ते येतच होते, वर आम्ही कूलर लावून त्यांना थंड वाऱ्यासकट आत बोलावलं होतं.

तुमच्याकडे असं असेल तर आधी घरट्यात अंडी-पिल्लं नाहीत ना, ते पाहा. मग तोंडाला फडकं, हातमोजे, घरटं पिशवीत बांधून बाहेर. कट्टा साबणाच्या पाण्याने धुवा, कूलरची खस बदला, पडदे-चादरी गरम पाण्यात, आणि खिडकीला जाळी. हे किडे माणसावर फार दिवस तगत नाहीत. औषध फवारायची घाई करू नका; मी फवारलं होतं, दिनकररावांच्या सतरंजीवर.

हळदीकुंकवाला पन्ह्याचे पेले फिरत होते. दिनकररावांचं अंथरूण आत घ्यायचं मात्र राहूनच गेलं होतं. जोशीकाकू इथल्या सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी व्हरांड्याकडे बोट केलं. "गार्डसाहेबांचा बिस्तर बाहेर का गं? लाइनवरून काही आणलं का त्यांनी?"

निवाडा माझा होता, तेव्हा बोलायला हवं होतं मी. मी डाळीच्या वाटीत बघत राहिले.

"त्यांनी काही नाही आणलं, काकू." सुधाचा कुंकवाचा हात काकूंच्या कपाळापाशीच थबकला होता. "किडे आमच्याच खिडकीतल्या घरट्यातले होते. आम्ही दोघींनी उगाच त्यांच्या नावावर घातले."

काकूंनी कुंकू लावून घेतलं, पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "ओळखलंस कसं? कबुतरं तर आमच्याही कूलरमागे आहेत."

संध्याकाळी सुधाने स्वतः अंथरूण उचलून आत आणलं. मी म्हणाले, "दिनकरराव, माझं चुकलं."

"अरे छोडो जिज्जी! बाहेर हवा मस्त होती."

ते रागावले असते तर मला परतीच्या गाडीत झोप लागली असती.

आता पुण्यात आहे. गांधी गेल्या, डाग पुसट झाले. परवा सुधाचा फोन आला. आता काही चावत नाही, जाळीही बसली, जोशीकाकूंनी त्यांचा कूलर साफ करून घेतला.

"आणि दिनकरराव?"

"बरे आहेत. ड्यूटीवरून आले की बॅग व्हरांड्यात ठेवतात आणि दारातूनच विचारतात, 'आत येऊ ना?' गंमत करतात गं."

"मग तू हसतेस?"

"नाही," सुधा म्हणाली.