हळद्या मिस्त्रीची पिवळी रेघ

हळद्या मिस्त्रीची बोटं पिवळी होती, आणि आईने ती पहिल्याच दिवशी हेरली.

"हा माणूस काहीतरी ओढतो," गॅरेजच्या फाटकाबाहेर पडताच ती लेकीच्या कानाशी लागली.

"आई, सगळे त्याला हळद्याच म्हणतात. काम बघ, बोटं नको बघूस."

पण सव्वीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांच्या खिशांवर नजर ठेवलेली बाई ती. वजनपेटीतलं पाच ग्रॅमचं वजन दिसलं नाही तर दारं बंद करून घेणारी. बोटं बघणं तिच्या हाडीमाशी खिळलं होतं.

गाडी सतरा वर्षांची, काडेपेटीएवढी. मागे दोन माणसं बसली की बसकण मारलेल्या म्हशीसारखी दिसायची आणि चढ आला की धापा टाकायची. लेक परिचारिका, तिची बदली डोंगरावरच्या दवाखान्यात झाली होती. सोमवारपासून रोज एकोणीस वळणांचा घाट, तोही औषधांची खोकी मागे भरून. काडेपेटी सोडायला ती तयार नव्हती. तेव्हा मिस्त्रीने उपाय सांगितला: जाड स्प्रिंगा, गॅसचे शॉकॲब्सॉर्बर, चाकांना धरणाऱ्या आर्मचे नवे रबरी बुश, नवी क्लचप्लेट, आणि याच गाडीच्या मोठ्या इंजिनाच्या मॉडेलचा गिअरबॉक्स.

"तो कुठून आणणार?" आईने विचारलं.

"ठोकलेल्या गाडीतून, ताई."

"आणि त्या गाडीतल्या माणसाचं काय झालं?"

"मागून ठोकली होती. माणूस धडधाकट आहे."

"असं तो म्हणाला?"

"तो कशाला म्हणेल? स्वतःच्या पायांनी चालत आला होता गाडी विकायला."

आईचं समाधान झालं नाही. काम सुरू झालं तसं ती रोज वर्तमानपत्र घेऊन गॅरेजच्या दाराशी उलट्या खोक्यावर बसू लागली. वर्तमानपत्र एकच, तीन दिवस पुरलं. जुन्या स्प्रिंगांवर तिने आधीच गुपचूप नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, म्हणजे त्याच पुन्हा बसवल्या तर कळावं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने न मागता एक पोतं तिच्यापुढे ठेवलं. "जुनं सामान गिऱ्हाइकाचं." आत सगळं होतं, ठिपक्यांसकट. दुसरी कुणी असती तर निवांत झाली असती. आईच्या मनात आलं, चोरसुद्धा आधी साव होऊनच दाखवतो.

मिस्त्री मोजकं बोलणारा. एकोणीस वर्षं बसच्या डेपोत काढून त्याने हे पत्र्याचं गॅरेज उभं केलं होतं. सोबतीला बायकोचा भाऊ, जो दोघांच्या वाटचं बोलायचा. "भावोजींशी माझ्या ताईचं लग्न झालं ना, तेव्हा होकारसुद्धा मीच दिला त्यांच्या वतीने," तो आईला सांगायचा.

शनिवारी दुपारी दोघं कोपऱ्यावर चहाला गेले. गाडी खड्ड्याच्या वर लोखंडी घोड्यांवर उभी होती, चाकं अधांतरी. आई चार पायऱ्या उतरून खड्ड्यात गेली. खालच्या आर्मच्या बोल्टला तिने नुसतं बोट लावलं, आणि बोल्ट फिरला. दुसरा फिरला. चारही फिरले.

तिच्या डोळ्यांपुढे घाटाचं अकरावं वळण आलं, दरीच्या बाजूचं.

भिंतीवरचा पाना काढून तिने दातओठ खात चारही बोल्ट आवळले, पाना जागच्या जागी टांगला आणि खोक्यावर येऊन बसली. सांगायचं मात्र नाही. हा विसरतो की तपासतो, ते आता कळेलच.

चहाहून आल्यावर मिस्त्रीने गाडी चाकांवर उतरवली, बॉनेटवर भार देऊन दोनतीनदा हलवली, आणि एक लांब पाना घेऊन खड्ड्यात शिरला. पण बोल्ट फिरेनात. मग तो वर आला.

"आर्मचे बोल्ट कुणी आवळले?"

"मी नाही," मेहुणा म्हणाला. "शप्पथ, भावोजी."

"चाकं लोंबत असताना आवळला की गाडी खाली येताना बुश पिळला जातो, फडक्यासारखा. पुढे फाटतो. घाटात गाडी हात मारेल, एका बाजूला ओढेल. किती वेळा सांगितलंय तुला?"

"अहो, पण मी हातच नाही लावला!"

"आपण दोघंच आहोत इथे. खोटं बोलणारा माणूस मला गाडीखाली नको. सोमवारपासून येऊ नकोस."

मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच शब्द सुचेना. आईने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मी आवळले," ती म्हणाली.

"बघा!" मेहुण्याला वाचा फुटली. "बघा, बघा!"

"ढिले होते. चारही. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"विचारायचं होतंत, ताई."

"विचारलं असतं तर तुम्हाला आठवलं असतं. तुम्ही विसरता का, ते मला बघायचं होतं."

मिस्त्री मेहुण्याकडे वळून म्हणाला, "चुकलो. सोमवारी ये." आणि फळीवरून एक डबा काढून त्याने आईपुढे धरला. आत पिवळा रंग होता.

"डेपोत एकदा बस निघून गेल्यावर आठवेना, शेवटचा बोल्ट आवळला की नाही. मोटरसायकल काढली, चाळीस किलोमीटरवर बस गाठली. प्रवाशांच्या शिव्या खात खाली शिरलो."

"मग?"

"आवळलेला होता. तेव्हापासून आवळला की त्यावर बोटाने रेघ. रेघ नाही, तर आवळलेला नाही. ब्रश वाळून जातो, बोट नाही वाळत."

आईने त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"बुश वाचलाय ना?"

"गाडी चालली नाहीये अजून. सोडून पुन्हा आवळतो. पण आता सगळेच सोडावे लागणार. गिअरबॉक्सचे, ॲक्सलचे, सगळे."

"का? मी तर चारच..."

"असं तुम्ही म्हणता," मिस्त्री म्हणाला.

आईला राग यायला हवा होता. उलट त्या माणसाबद्दल तिला पहिल्यांदाच बरं वाटलं. पदर खोचून ती डबा घेऊन खड्ड्यात उतरली. मिस्त्रीचा पाना नेमक्या जोरावर आला की टक् वाजायचा, आणि तिने बोटाने रेघ ओढायची. टक्, रेघ. टक्, रेघ. शेवटच्या बोल्टला ती थांबली.

"वाजला? तुमचा मेहुणा बोलत होता, मला ऐकू नाही आलं."

"वाजला."

"पुन्हा."

मिस्त्रीने मुकाट्याने पुन्हा पाना लावला. टक्.

रविवारी लेकीने मागे खोकी भरून आणि पुढे आईला बसवून घाट गाठला. गिअर बदलताना तिचं लक्ष आईच्या हाताकडे गेलं.

"आई, तूही ओढायला लागलीस?"

आईने पिवळं बोट मुठीत लपवलं. अकरावं वळण आलं. गाडी न कलंडता, धापा न टाकता वळली आणि चढत राहिली. आई कान देऊन ऐकत होती.

"एवढी गप्प का चालतेय ही?" ती म्हणाली. "वर पोचलो की जरा वाकून गाडीखाली बघ."