आमेन माझ्याकडे

"वाच तू. आमेन माझ्याकडे."

असं म्हणून मावशी डोक्यावरून पदर घ्यायच्या, खुर्चीत ताठ बसायच्या आणि डोळे मिटायच्या. मधुमेहानं नजर जवळजवळ गेलेली, म्हणजे मिटले काय नि उघडे ठेवले काय. पण त्या मिटायच्याच.

म्हैसूरला आमच्या इमारतीत त्या खालच्या मजल्यावर मुलाकडे राहायच्या. मी वर, एकटाच. बायको साताऱ्याला शिक्षिका, माझा कारखाना नंजनगूडला. एकदा जिन्यात उभा राहून मी फोनवर कुणाचा तरी उद्धार करत होतो. त्यांचं दार उघडलं. "मराठी वाचता येतं का रे तुला?" शिव्या ऐकून माणसाला बायबल वाचायला बोलावणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

नगरकडे मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात त्यांनी मेट्रन म्हणून उभी हयात काढली होती. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील: पानात घासभर टाकू देत नाहीत, आणि पोरीला ताप आला की उशाशी बसून राहतात. मलाही त्या बोर्डिंगातलीच एक पोर समजायच्या. "हळू! बस सुटतेय का तुझी?" एखादी ओळ गाळली की हात वर. सगळं पाठ होतं की हो त्यांना! मग मी कशाला हवा? एकदा विचारलंच.

"पाठ आहे रे. पण दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडायला नको?"

रविवारी सकाळी मुलगा त्यांना उपासनेला न्यायचा. एका आठवड्याला कन्नड, दुसऱ्याला सुनेच्या मंडळीत मल्याळम. सून गुणाची, सासूला फुलासारखी जपणारी. नातवंडं इंग्रजीत प्रार्थना करायची. "आई, देवाला सगळ्या भाषा येतात," मुलगा समजूत घालायचा.

"त्याला येतात रे. मला येत नाहीत ना!"

हे त्या हसत सांगायच्या, मीही हसायचो. पण त्याच दुपारी चारला मी वाचायला जिना उतरलो की त्यांचं दार आधीच उघडं असायचं. आता कबूल करायला हरकत नाही, त्या चारची वाट मीही बघायचो. मला देवाधर्माचं फारसं नाही. पण आठवड्याभरात समोर बसून मराठीत रागावणारं माणूस तेवढं एकच होतं.

एका रविवारी त्यांनी वही काढायला लावली. "लिही. माझ्या मातीला वाचायचं."

मी चरकलो. चेष्टेवर न्यायला गेलो. "मावशी, मी घरी गणपती बसवणारा माणूस. तुमचे पाळक मला उभं करतील का?"

"पोराला सांगून ठेवलंय मी. नवऱ्याची कबर तिकडं गावाला, माझी इकडं. पुरताना तरी कुणी माझ्या भाषेत बोलावं. तू फक्त अडखळू नको."

मग सावकाश सांगत गेल्या: चिंचेखालची उपासना, नवऱ्याचं नाव, तापात गेलेली बोर्डिंगातली एक पोर. पानभर झालं तेव्हा थांबल्या, "झालं" म्हणाल्या.

उन्हाळ्यात त्या गेल्या. कबरीपाशी कन्नड प्रार्थना झाली, मल्याळम झाली, इंग्रजी झाली. मुलानं माझ्याकडे पाहून मान हलवली. मी कागद उघडला. दोनदा अडखळलो, हात वर आला नाही.

वाचून झालं. सगळे डोळे मिटून उभे होते. मीही उभाच. कशासाठी थांबलोय ते कळायला वेळ लागला. कागदावर आमेन नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं, मी लिहिलं नव्हतं. ते कायम त्यांच्याकडेच असायचं.

फावडं धरून उभ्या माणसानं हळूच विचारलं, "मुगीता, सार?" संपलं का?

"आमेन," मी म्हणालो. पहिल्यांदाच.

माझ्यामागून सगळे म्हणाले. मावशी सोडून सगळे.